उसन्या दारांचा गिरजा

मार्गशीर्ष सरत आला की साजाटोल्याच्या तलावावर पहाट होते ती धुक्याच्या पोटातून. आधी पाणी दिसत नाही, आभाळ दिसत नाही. दिसतो तो नुसता दुधाळ, दवओला, दिगंतव्यापी पांढरेपणा. मग कुठून तरी सारसाची जोडी साद घालते आणि त्या दीर्घ, धातुमय स्वरानं धुक्याला जाग येते. हळूहळू कमळांचे वाळके देठ उमटतात, शिंगाड्याची पानं उमटतात, मासे मारणाऱ्या ढिवरांच्या छोट्या होड्या, डोंग्या उमटतात. सगळ्यांत शेवटी, तलावाच्या मातीच्या बांधाच्या, म्हणजे पाळीच्या टोकाशी, उमटतो गिरजा.

आधी दिसावा इतका तो उंच नाहीच. काळसर सागाचे खांब, कौलारू उतरतं छप्पर, छपरावर हातभर लाकडी क्रूस. पूर्वेला गाव, पश्चिमेला तलाव, आणि मध्ये हा, दोघांच्या बोलण्यात कान घालून बसलेल्या म्हाताऱ्यासारखा. शहरातून कुणी पाहुणा आला की तो आधी कौतुकानं बघतो आणि मग हसतो. हसणारच. कारण या गिरज्याला भिंती नाहीत. चहूकडून दारंच दारं आहेत.

उत्तरेला दारं, दक्षिणेला दारं, तलावाकडे तोंड करून दारं. एकावर कोरीव कमळ, एकावर पितळी कडं, एकावर कुण्या नववधूनं उमटवलेली हळदीची पाच बोटं. एकावर जुन्या निवडणुकीतल्या उमेदवाराचा अर्धा चेहरा अजून चिकटलेला आहे आणि तो दर रविवारी भक्तिभावानं उपासना ऐकतो. प्रत्येक दाराला स्वतःची कडी आहे, कोयंडा आहे. एकालाही खिळा मारलेला नाही.

ही दारं गिरज्याची नाहीत. ती उसनी आणलेली आहेत.

---

या गिरज्याचा इतिहास आऱ्याच्या आवाजापासून सुरू होतो.

रान दाट होतं तेव्हाची गोष्ट. साग इतका निबिड, की दुपारचं ऊनही वाट विचारत खाली उतरायचं. त्या हरितश्यामल अंधारात एका ठेकेदारानं लाकूड चिरायला काही कुटुंबं आणली. ती ख्रिस्ती होती. दोघांनी ओढायचा लांबलचक आरा हीच त्यांची इस्टेट. एक जण ओंडक्यावर उभा, एक जण खाली खड्ड्यात. वरच्याच्या डोळ्यांत आभाळ, खालच्याच्या डोळ्यांत भुसा. थकले की जागा बदलायचे. गाणं मात्र दोघांचं एकच असायचं.

ओंडक्याचा पहिला काप निघतो तो सालीसकट, पाठीला बाक असलेला, ओबडधोबड. ठेकेदाराला तो नको असायचा. सरळ फळ्या गाडीत बसून शहराला जायच्या आणि हे सालपाट रानातच पडून राहायचे. आरेवाल्यांनी तेच गोळा केले. पाळीच्या टोकाशी खांब रोवले, खांबांना सालपाट जोडले आणि देवाला म्हणाले, ये बाबा, आत ये.

तो पहिला गिरजा बाहेरून झाड होता आणि आतून घर. पावसाळ्यात त्याच्या सालीवर शेवाळ हिरवं व्हायचं, उन्हाळ्यात आतल्या भिंतीतून सागाचा कडवट सुगंध पाझरायचा. पुढे रान विरळ झालं, ठेकेदार निघून गेला. आरेवाले राहिले. त्यांनी तलावाच्या पाण्यावर धान लावलं, आरा गिरज्यातल्या तुळईला टांगून ठेवला आणि हळूहळू ते साजाटोल्याचेच झाले.

मग आलं ते साल, ज्याची आठवण निघाली की गावातली जुनी माणसं आजही पाळीकडे बघतात.

त्या साली भाद्रपदात पाऊस आला तो जायचं नावच घेईना. तलाव फुगला, काळानिळा झाला, गुरगुरू लागला. एका सकाळी गिरज्याजवळच पाळीला पाझर फुटला. आधी तळहाताएवढा, मग सुपाएवढा, मग बैल आरपार जाईल एवढा. दगड टाकले, वाहून गेले. मातीची पोती टाकली, वाहून गेली. पाळीखाली सगळी धानशेती, धानाखाली सगळं गाव. कुणीतरी ओरडलं, लाकूड आणा, आडवं लावायला लाकूड आणा.

गिरज्याचे वडील, म्हणजे उपासना चालवणारे ख्रिस्ती मंडळीचे प्रमुख, तेव्हा नथानेल होते. त्यांनी एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा गिरज्याकडे पाहिलं. मग पहार घेतली आणि पहिला सालपाट स्वतःच्या हातानं उचकटला. त्यांच्यामागून सगळी मंडळी पुढं सरली. बायकांनी पदर खोचले, पुरुषांनी खांदे दिले. संध्याकाळपर्यंत देवाच्या भिंती पाळीच्या जखमेत रुतल्या होत्या. त्यांच्यावर माती, मातीवर धानाच्या पेंढ्याचं तणस, तणसावर गावातल्या झाडून सगळ्या जातींची माणसं पाठ लावून उभी होती.

पाळ टिकली. गाव वाचलं, धान वाचलं. गिरज्याचे नुसते खांब राहिले आणि त्यांच्यावर छप्पर.

आभाळ निवळलं, शरद आला, शरदाच्या मागोमाग थंडी आली. मंडळी उघड्यावर उपासना करायची. तलावावरचा वारा सरळ आत यायचा, दिवा विझवायचा, दुसऱ्या बाजूनं निघून जायचा. लाकूड घ्यावं अशी कुणाची ऐपत नव्हती.

नाताळ तोंडावर आला तेव्हा एक दिवस पाण्यावरून एक डोंगी आली. डोंगीत सगुणा होती, पलीकडच्या काठावरच्या ढिवरटोलीतल्या पचारेंची तरणी सून. काखेत मूल, आणि डोंगीवर आडवं टाकलेलं सागाचं एक जाड, जुनं दार. तिच्या घराचं होतं ते. घराला तेवढं एकच दार होतं.

"हे ठेवा, मामाजी," ती नथानेलांना म्हणाली. "देवाच्या घरात वारा घुसते."

"आन तुया घरी वो?"

"आमच्या घरी थंडी नाई वाजत."

एवढं बोलून ती पोराला सावरत परत वल्हं मारत गेली. दुसऱ्या दिवशी कापगत्यांकडून दार आलं. मग पाटलांकडून, मग गोवाऱ्यांकडून. कुणी मागच्या खोलीचं दिलं, कुणी गोठ्याचं, कुणी पुढचं. नाताळपर्यंत गिरजा चारी बाजूंनी बंद झाला. अर्धं गाव त्या थंडीत बांबूच्या तट्ट्या आणि पोती लावून झोपलं.

दारं बसवायला वाढई आला तेव्हा नथानेलांनी त्याच्या हातातले खिळे काढून घेतले.

"खिळा नोको मारू, बाबा. हे उसनं आहे. ज्यानं मांगतलं, त्याले परत करू. काहून, म्हनून इचाराचं नाई. त्याइनं कुठं इचारलं?"

म्हणून ती दारं आपापल्या लाकडी खुंटांवर नुसती उभी आहेत. हात लावून उचलली तर निघतील, अशी.

---

त्यानंतर एक रीत पडली. नथानेल गेले आणि त्यांचा मुलगा शलमोन वडील झाला तरी ती चालूच राहिली.

धान खळ्यावरून घरात आलं, की नाताळाआधी मंडळी गिरज्याला तेल लावते. मोहाच्या बिया गाळून काढलेलं टोरीचं तेल, दाट, पिवळसर, उग्र वासाचं. त्यानं लाकडाला वाळवी लागत नाही. त्या तेलाची एक वाटी घेऊन वडिलांनी दारवाल्या प्रत्येक घरी जायचं, वाटी पुढं करायची आणि विचारायचं:

"दार नेता का?"

घरच्यानं वाटीत बोट बुडवायचं, आणि म्हणायचं:

"राहू द्या. घरी थंडी नाई वाजत."

बस. एवढंच. मग चहा व्हायचा, पोराबाळांची चौकशी व्हायची. वर्षं गेली तशी घरं पक्की झाली, लोखंडी दारं आली, तरी प्रश्न तोच आणि उत्तर तेच. गावातली पोरं लपाछपी खेळतानाही हेच म्हणतात. एक विचारतो, दार नेता का. दुसरा म्हणतो, राहू द्या. आणि सगळे पळत सुटतात. खेळ झाला, खेळीमेळी झाली. विचारणाऱ्यालाही ठाऊक असायचं की कुणी हो म्हणणार नाही.

यंदा सगुणाकाकी हो म्हणाली.

---

ती आता पिकलेली, वाकलेली, शिंगाड्याच्या सालीसारखी सुरकुतलेली म्हातारी आहे. तिच्याच दाराला गिरज्यात सगळ्यांत मानाची जागा आहे. ते पश्चिमेला, वेदीच्या बरोबर मागे उभं आहे आणि त्याच्याच लोखंडी कडीला मंडळीचा क्रूस टांगलेला आहे. क्रुसाच्या पायाशी, लाकडावर, काही फिकट तांबडे तळहात दिसतात. चिमुकले, बोटं फाकलेले. दर वर्षी तेल लावताना बायका त्यांच्यावरून हात फिरवायच्या आणि पोरांचा खेळ समजून सोडून द्यायच्या.

खेळ नव्हता तो. पचारेंच्या घरची चाल अशी, की बाळ पहिल्यांदा घरात यायच्या आधी उंबऱ्यावर थांबायचं, त्याचा तळवा गेरूत बुडवायचा आणि दारावर टेकवायचा. दारानं माणूस ओळखलं पाहिजे, म्हणून. सगुणाच्या सासऱ्याचा तळवा त्या दारावर आहे, नवऱ्याचा आहे, मुलाचाही आहे. तो शेवटचा. मुलगा आपल्या लेकीला, भूमेश्वरीला, तान्ही असताना मागे ठेवून वारला. भूमेश्वरी जन्मली तेव्हा दार तलावापलीकडे देवाच्या घरात होतं. तिला आजीनं तशीच, पोत्याचा पडदा बाजूला सारून, आत घेतलं.

आणि त्या भूमेश्वरीची कूस दोनदा भरली, दोनदा रिती झाली.

सासरी डॉक्टर होते, औषधं होती, कुणाची काही चूक नव्हती. पण दुःखाला कारण लागतं, आणि कारण सापडलं नाही तर माणूस ते घरातच शोधतं. दारानं माझ्या पोरीला ओळखलंच नाही, असं सगुणाच्या मनानं घेतलं. आता तिसऱ्यांदा दिवस भरत आले होते. नात आजीकडे आली होती, अंगभर शाल लपेटून, कुणाच्या नजरेस पडू नये अशी. या खेपेला बाळ त्या दारातूनच घरात येईल, हे म्हातारीनं ठरवून टाकलं होतं. आणि जन्माआधी पोटातल्या जिवाचं नाव बाहेर काढायचं नाही, हेही तिचं ठाम होतं. दोनदा काढलं होतं. दोनदा पाहिलं होतं.

म्हणून शलमोननं वाटी पुढं करून, हसत हसत, अर्धं लक्ष चुलीवरच्या चहाकडे ठेवून विचारलं, "काकी, दार नेता का वो?" तेव्हा ती वाटीकडे न बघता म्हणाली:

"नेतो. यंदा नेतो."

तेलाची वाटी शलमोनच्या हातात तशीच राहिली. ओठांवर आलेलं "काहून" त्यानं गिळलं; कारण विचारायचं नाही, हा बापाचा शब्द होता. त्या दिवशी चहा झाला, पण त्याला चव नव्हती.

---

मंडळीत खळबळ उडाली. उडणारच होती. नाताळ आठवड्यावर आलेला आणि वेदीच्या मागे भगदाड!

"क्रूस कुठं टांगाचा मंग?" शलमोनची बायको मार्था म्हणाली. तिच्या आवाजात राग कमी होता, भीतीच जास्त होती. "आज काकीनं नेलं, उद्या कापगते नेतीन. एकेक करून सारंच गेलं तं आपला गिरजा राहीन का?"

तरुण येशुदासनं तोडगा काढला. बाजारातून चांगलं लोखंडी दार आणून म्हातारीला बसवून द्यावं. तिचंही काम होईल, गिरजाही वाचेल. सगळ्यांना पटलं. शलमोनलाही पटलं. खरं सांगायचं तर त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. तो डोंगीत बसला आणि काय बोलायचं ते वाटभर मनात घोकत ढिवरटोलीला गेला.

संध्याकाळ होती. तलावात सूर्य विरघळत होता. पाणी तांबूस, सोनसळी, मग जांभळं. काकी कुठं दिसेना. शलमोन तिच्या जुन्या मातीच्या घरापुढं अंगणात उभा राहिला, आणि त्याची नजर दारावर गेली.

दार नव्हतं. पोतं होतं.

जुनं, धुऊन धुऊन विरलेलं, खाली दगड बांधून ताणलेलं पोतं. पाण्यावरून वारा आला की ते फुगायचं, आत जायचं, बाहेर यायचं. शलमोन इतकी वर्षं या अंगणात येत होता, वाटी पुढं करत होता, चहा पीत होता. ते पोतं त्यानं दर वर्षी पाहिलं होतं आणि एकदाही पाहिलं नव्हतं. घरी थंडी वाजत नाही, असं ही बाई त्याला दर हिवाळ्यात या पोत्यासमोर उभी राहून सांगत आली होती.

पडदा सारून काकी बाहेर आली.

"काकी," तो म्हणाला, "तुमी दुसरं दार काहून नाई बसवलं वो कधी?"

तिला प्रश्नच चमत्कारिक वाटला. "दार आहे नं मायं. गिरज्यात आहे."

लोखंडी दाराबद्दल शलमोन एक शब्द बोलला नाही. घोकलेलं सगळं तलावात बुडालं.

"कवा आनून देऊ?" एवढंच त्यानं विचारलं.

---

दार निघालं तेव्हा मंडळी नुसती उभी राहून बघत होती. शलमोन आणि येशुदासनं ते दोन्हीकडून धरलं, जरा वर उचललं आणि ते खुंटांवरून अलगद सुटलं, कुणी हाक मारल्यावर माणूस उठावं तसं. पलीकडे एकदम तलाव दिसला. तितका मोठा तलाव त्यांनी गिरज्याच्या आतून कधी पाहिलाच नव्हता. मार्थानं काढलेला क्रूस पदरात गुंडाळून छातीशी धरला. तिला रडू आलं, आणि ते तिनं लपवलं नाही.

तो रिता चौकोन तसाच राहिला. त्याला कापडही लावायला शलमोन तयार झाला नाही. "तिनं इतके वर्स वारा घेतला," तो म्हणाला, "आपुन एक नाताळ घेऊ."

आणि वारा आला. रात्रंदिवस आला, दवार्द्र, शीतल, तलावाच्या अंतरंगाचा वास घेऊन आला. वेदीवरची फुलं पाडून गेला, बाकांवर धुकं ठेवून गेला. मंडळी कुडकुडली, कुरकुरली, आणि पुन्हा येत राहिली.

---

नाताळची पहाट.

धुकं पाण्यावरून उठलं आणि त्या चौकोनातून सरळ आत आलं. शाली, स्वेटर, कानटोप्या यांच्यावर त्याचे शुभ्र कण बसले. शहरातले पाळक, मंडळीचे पाद्री, दुपारी यायचे होते. पहाटेची उपासना नेहमीसारखी शलमोनच चालवणार होता. तेल लावलेली दारं मंद चमकत होती. वेदीवर एकच दिवा होता, आणि तो वाऱ्यात वाकत होता, सावरत होता, वाकत होता.

क्रूस टांगायला कडी नव्हती. मार्थानं नवऱ्याकडे पाहिलं.

"मी धरतो," शलमोन म्हणाला.

तो त्या चौकोनात उभा राहिला, तलावाकडे पाठ करून, आणि त्यानं क्रूस दोन्ही हातांनी छातीपुढं धरला. गाणं सुरू झालं. आरेवाल्यांच्या चालीचं ते जुनं गाणं. एक बाजू उचलते, दुसरी बाजू ओढते, एक वर, एक खाली. म्हाताऱ्या हातांना कळ लागली. पाठीवर गार वारा काटे टोचत होता. तो हलला नाही. त्याच्या मनात राग नव्हता, शंका नव्हती; होती ती एक विलक्षण, डोळे भरून आणणारी कृतज्ञता, की आपल्याला एकदा तरी हा वारा अंगावर घ्यायला मिळाला.

दूर सारस बोलले. एक बोलला, मग दुसरा बोलला. मग त्यांच्या आवाजाखालून आला पाण्याचा आवाज. चुळुक, चुळुक. वल्ह्याचा.

मंडळीचं गाणं मंद होत गेलं. सगळे शलमोनच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. त्यानं मान वळवली. धुक्यातून एक डोंगी उमटत होती. वल्ह्यावर भूमेश्वरीचा नवरा होता, मध्ये सगुणाकाकी बसली होती, आणि डोंगीवर आडवं टाकलेलं होतं ते दार.

ती काठाला लागली. नातजावई आणि येशुदास दार घेऊन वर आले. काकी धापा टाकत मागून आली आणि चौकोनाबाहेर उभी राहिली.

"घ्या, बापा. मायं काम झालं."

"परत काहून आनलं, काकी?" या वेळी शलमोननं विचारलंच. "राहू द्याचं होतं नं."

"रोज राती तिकून दिसे मले," ती म्हणाली. "तुमचा दिवा इझू इझू जाये. मले घरात बसवंना. लेकरू परवाच दवाखान्यातून घरी आलं, याच दारातून. आमच्यात पयले दारानं मानूस वळखा लागते. पोरगी आहे. बेस आहे दोघीबी." मग जरा थांबून, आता नजर लागायची भीती सरली अशा मोकळ्या आवाजात ती म्हणाली, "वरडते किती! तुमाले आयकू नाई आली का?"

आणि ती हसली. तिच्या हसण्यानं धुक्यात ऊब आली. मार्थानं पुढं होऊन तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. मंडळीला सगळं एकदम कळलं. दार का मागितलं ते, कारण का सांगितलं नाही ते. कुणी मान खाली घातली, कुणी डोळे पुसले.

दार उचललं गेलं, खुंटांवर टेकलं, आणि आपल्या जागी जाऊन उभं राहिलं. वारा थांबला. वाकलेला दिवा सरळ झाला. शलमोननं क्रूस कडीला टांगला आणि तेव्हा त्यानं पाहिलं.

क्रुसाच्या पायाशी, त्या जुन्या फिकट तळव्यांच्या शेजारी, ताज्या गेरूचे दोन हात उमटले होते. एक पुरा वाढलेला, बाईचा. त्याला चिकटून दुसरा, पाकळीएवढा. आजीनं भूमेश्वरीची राहून गेलेली ओळखही दाराशी करून दिली होती.

पूर्वेच्या दारातून सूर्य आत आला. बाकांवरून, शालींवरून, पांढऱ्या केसांवरून चालत तो वेदीपर्यंत गेला आणि त्या दोन तळव्यांवर थांबला. गेरू अजून लालबुंद होता. शलमोनला पुढची प्रार्थना आठवेना. "देवा, फार दिलंस," एवढंच तो म्हणाला, आणि मंडळी आमेन म्हणाली.

---

नाताळ सरला आणि तुळईवरचा आरा खाली उतरला.

कितीतरी वर्षांनी उतरला. त्याचे दात गंजले होते, कानशीनं घासून त्यांना धार आली. येशुदासच्या बांधावर वादळात पडलेलं जुनं बिजाचं झाड होतं. त्याचा ओंडका खड्ड्यावर चढवला गेला. वर शलमोन उभा राहिला, खाली येशुदास. सवय मोडली होती. आरा अडायचा, वाकडा जायचा, येशुदासच्या डोळ्यांत भुसा जायचा आणि तो मंडळीत न शोभणारे शब्द बोलायचा. गावातले कापगते, पाटील, गोवारी भोवती बसून चुका काढायचे आणि मध्येच उठून हात लावायचे. बिजाचं लालसर, मधुवर्णी लाकूड हळूहळू उघडत गेलं.

या खेपेला सालपाट बाजूला पडले आणि मधल्या, सगळ्यांत सरळ फळ्या सगुणाकाकीच्या घरी गेल्या. होळीच्या आत दार बसलं. पोतं काढलं तेव्हा काकीनं ते नीट घडी घालून ठेवलं.

वर्ष फिरलं. धान पिकलं, कापलं गेलं, खळ्यावरून घरात आलं. तलावावर पुन्हा धुकं उतरलं, सारस पुन्हा बोलले. शलमोन धुतलेला पांढरा सदरा घालून, तेलाची वाटी घेऊन डोंगीतून उतरला. काकी नव्या दारात बसली होती. भूमेश्वरी मागे उभी होती, कडेवर लेक.

त्यानं वाटी पुढं केली. या वेळी त्याचं लक्ष कुठंच नव्हतं, फक्त त्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर होतं. त्यानं विचारलं, जणू हा प्रश्न जगात पहिल्यांदाच कुणी विचारत होतं:

"काकी, दार नेता का वो?"

काकीनं मागे पाहिलं. लालसर बिजाच्या दारावरून हात फिरवला. पाण्यावरून वारा आला, दारापर्यंत आला आणि तिथूनच परत गेला.

"राहू द्या," ती म्हणाली. "घरी थंडी नाई वाजत."

त्या घरात हे वाक्य पहिल्यांदाच खरं झालं होतं. दोघांनाही ते ठाऊक होतं.

मध्ये पडली ती कडेवरची. तिला वाटी हवी होती. ती वाकली, झेपावली, तिनं सगळा पंजा तेलात घातला, आणि कुणी धरायच्या आत शलमोनच्या धुवट सदऱ्यावर, बरोबर छातीच्या मध्ये, थाप मारली.

"अवो बाई!" भूमेश्वरी ओरडली. "सदरा खराब केला आजोबाचा!"

शलमोननं खाली पाहिलं. पाच बोटं, पिवळसर, चमकती, फाकलेली.

मार्थानं नंतर तो सदरा दोनदा मागितला, धुवायला. त्यानं दिला नाही. नाताळच्या पहाटे, सगळं गाव धुक्यात असताना, तो तोच सदरा घालून वेदीपुढं उभा राहिला. मागे दारावर एक चिमुकला तळवा, पुढे छातीवर एक, आणि मध्ये तो, उसन्या दारांच्या त्या उबदार घरात, गात, गात, गात.